कायदा बदला, पण बिल कुणाच्या नावावर फाडणार ते आधी सांगा

प्रौढ माणसांच्या पालकत्वाचा कायदा जे लिहितात आणि त्याला पैसे द्यायचे की नाही हे जे ठरवतात, त्या दोघांनाही हे पत्र (दोघांना वेगळं सांगावं लागतंय कारण तुम्ही एकमेकांशी बोलत असाल असं अनुभवावरून वाटत नाही),

नमस्कार.

मी माझ्या मोठ्या भावाची कायदेशीर पालक आहे. हे वाक्य लिहिताना अजूनही विचित्र वाटतं, कारण दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, सायकल मी त्याच्याकडून शिकले, आणि कोर्टाच्या कागदावर मात्र मी पालक आणि तो पाल्य. त्याला बौद्धिक अपंगत्व आहे. आकडे जमत नाहीत, मोठी वाक्यं वाचता येत नाहीत, पण कोण आपल्याला फसवतंय हे त्याला माझ्याआधी कळतं.

दरवर्षी मी त्याच्या पैशांचा हिशोब जमा करते. एका वर्षी घाईघाईत काय झालं तर मागच्याच वर्षीची फाइल परत दिली, तीच पानं, त्याच बेरजा, फक्त वरचं कव्हर नवीन. शिक्का मारून पोच मिळाली. तीन-चार महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, पोटात गोळा आला, धावत गेले आणि सांगितलं की माझी चूक झालीये. समोरच्या माणसाने मागे बोट दाखवलं, छतापर्यंत फाइली. म्हणाला ताई, हे सगळं वाचायला मी एकटा आहे, तुम्ही आलात म्हणून कळलं. मला त्याचा राग नाही आला खरंच. पण घरी येताना डोक्यात एकच विचार, की दादाचे पैसे सुरक्षित आहेत ते कायद्यामुळे नाहीत, मी चोर नाहीये एवढ्यामुळेच आहेत.

हे पहिल्यांदा सांगितलं कारण नवीन कायदा आला की लगेच "याने खर्च वाढेल" अशी ओरड होते. अहो जुन्या कायद्याचा खर्च कुणी मोजलाय का कधी? फाइल न वाचणं फुकट असतं, म्हणून तो कायदा स्वस्त दिसतो.

तर, बदल. बदल हवाच, त्यात माझं दुमत नाही, हे आधीच स्पष्ट करते म्हणजे मला कुणी जुन्याची वकील समजायला नको. जुनी पद्धत म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट, वकिलाचा अर्ज, कोर्टाची ऑर्डर, आणि झालं, एका माणसाचं अख्खं आयुष्य दुसऱ्याच्या सहीवर. कुठे राहायचं, कशावर पैसे खर्च करायचे, ऑपरेशन करायचं का, लग्न करायचं का, सगळं. २००६ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार केला, त्याच्या १२व्या कलमात दोन गोष्टी आहेत, एक म्हणजे कायद्यापुढे हा माणूस इतरांइतकाच माणूस आहे, त्याचा निर्णयाचा हक्क हिसकावू नका, आणि दुसरी म्हणजे तो हक्क वापरायला त्याला जो आधार लागेल तो मिळायची सोय सरकारने करायची. २०१४ मध्ये त्या कराराच्या समितीने आणखी पुढे जाऊन सांगितलं की एकाच्या जागी दुसऱ्याने निर्णय घ्यायची पद्धतच मोडीत काढा.

यातलं "हिसकावू नका" हे करायला पैसे लागत नाहीत, नुसतं कलम खोडलं की झालं. "आधार द्या" याला माणसं लागतात, ऑफिस लागतं, पगार लागतात. आता ओळखा बघू कुठला अर्धा भाग आधी होतो.

आयर्लंडचं बघा. तिथे २०२३ पर्यंत जो कायदा चालू होता तो १८७१ चा, त्याच्या नावातच वेड्यांचं नियमन असा शब्द. नवीन कायद्यावर सही झाली ३० डिसेंबर २०१५ ला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो मुख्यतः लागू कधी झाला? २६ एप्रिल २०२३. सात वर्षांहून जास्त. मधल्या काळात नवीन सहाय्य सेवा उभी करायची होती, तिला संचालक नेमायचा, माणसं, कॉम्प्युटर, नियमावल्या, आणि त्या सगळ्या काळात लोकांना १८७१ च्याच कायद्याखाली पालकत्वात टाकणं चालू. म्हणजे संसदेने जे चुकीचं म्हणून रद्द करायचं ठरवलं होतं तेच, रोज, नव्या माणसांवर. लागू झाल्यावरही जुन्या ऑर्डरीखालच्या प्रत्येकाचं प्रकरण तपासून त्याला मोकळं करायला तीन वर्षांची मुदत ठेवावी लागली.

स्पेनने वेगळं केलं, पटकन केलं. २०२१ चा ८ नंबरचा कायदा, ३ सप्टेंबर २०२१ पासून लागू, प्रौढांचं जुनं पालकत्व गेलं. आणि जुन्या सगळ्या ऑर्डरी? कुणी अर्ज केला तर एका वर्षात तपासायच्या, नाही केला तरी कोर्टाने आपणहून तीन वर्षांत तपासायच्या. मला ही तरतूद फार आवडते, कारण ज्याचा आवाजच काढून घेतलाय तो अर्ज कसा करणार, कोर्टानेच त्याच्यापर्यंत गेलं पाहिजे. पण कागदावर एका ओळीत लिहिलेल्या या कामाचं वजन किती, हे मी माझ्यापुरतं मांडून बघितलं. समजा १०,००० जुन्या ऑर्डरी आहेत (हा आकडा कुठल्याच देशाचा नाही, उदाहरणाला घेतलाय). एकेकीला फक्त तीन तास धरा, त्यात त्या माणसाला भेटणं, तज्ज्ञाचं मत वाचणं, नातेवाइकांचं ऐकणं आणि निकाल लिहिणं सगळं आलं, म्हणजे मी कंजूषपणाच करतेय. झाले ३०,००० तास. एक न्यायाधीश वर्षाला १,५०० तास काम करतो धरलं तर २० न्यायाधीश वर्षभर दुसरी एकही केस हातात न घेता. आणि न्यायाधीश काही हवेतून येत नाहीत, ते कुणाच्यातरी घटस्फोटाच्या, भाड्याच्या, अपघाताच्या केसमधून उचलून आणले जातात, तिथल्या तारखा पुढे जातात, आणि तो खर्च पालकत्वाच्या खात्यात कधीच दिसत नाही.

पैसे न देता कायदा केला की काय होतं याचा सगळ्यात स्पष्ट नमुना कॅलिफोर्नियात आहे. २००५ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने धंदेवाईक पालकांच्या कारभारावर मोठी मालिका छापली, गदारोळ झाला, २००६ मध्ये सुधारणा कायदा आला, कोर्टाच्या माणसांनी जास्त वेळा जाऊन पाल्याला भेटायचं, हिशोब नीट तपासायचे वगैरे. कायद्याला मंजुरी आणि त्याच्या पैशाला कात्री. पुढे तर कायद्याच्याच मजकुरात घातलं गेलं की विधिमंडळ या कामासाठी पैसे मंजूर करेपर्यंत कोर्टांनी ही कामं केलीच पाहिजेत असं नाही. वाचून मी हसले आधी. मग आठवलं की पॉप गायिका ब्रिटनी स्पिअर्सचं पालकत्व याच राज्यात २००८ मध्ये सुरू झालं आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये संपलं. १३ वर्षं, आणि स्वतःच्या वकिलाची फी तर तिनेच दिली, तिच्यावर ताबा ठेवायचा म्हणून भांडणाऱ्या बाजूच्या वकिलांचीही तिच्याच पैशातून गेली. तिच्यावर जगभर कॅमेरे होते तरी १३ वर्षं लागली. ज्यांच्यावर कॅमेरे नाहीत त्यांचं काय, हे मी नाही लिहीत, तुम्हीच विचार करा.

अजून एक, इंग्लंड. हे पालकत्वच आहे असं नाही पण त्याचं सख्खं भावंड आहे. ज्या माणसाला स्वतःची संमती देता येत नाही त्याला केअर होममध्ये किंवा हॉस्पिटलमध्ये अडकवून ठेवायचं असेल तर आधी परवानगी काढायची, असा नियम. २०१४ च्या मार्चमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने "अडकवून ठेवणं" याची व्याख्या रुंद केली. बरोबरच केली, पिंजरा सोन्याचा असला तरी पिंजराच असतो असाच त्याचा अर्थ होता. पण अर्ज वर्षाला १३ हजारांच्या घरात यायचे ते पुढच्याच वर्षी १ लाख ३७ हजारांवर गेले. दहापट! स्थानिक प्रशासनाकडे माणसं होती तेवढीच. नेहमीच्या अर्जाला २१ दिवसांची मुदत, आणि बहुतेक अर्ज त्यात बसतच नाहीत. मग यावर उपाय म्हणून २०१९ मध्ये नवीन, सोपा कायदा केला, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सरकारने सांगितलं की तो आत्ता नाही लागू करत. म्हणजे हक्क आहे, अर्ज आहे, रांग आहे, फक्त पलीकडे कुणी नाही.

आता अर्थ खात्यातले लोक म्हणतील, बघा, म्हणूनच आम्ही नको म्हणत होतो. थांबा. पैसे देऊनही कसं बिघडतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला दोन्ही बाजू कळतील.

जर्मनीने १९९२ पासून जुनं पालकत्व बंद केलं आणि त्याच्या जागी बेट्रॉयुंग नावाची पद्धत आणली, ज्या कामापुरती मदत हवी तेवढ्याच कामापुरता माणूस नेमायचा. विचार सुंदर. आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या मदतनिसाची फी सरकारी तिजोरीतून. साहजिकच बिल वाढत गेलं, लाखो लोक त्या पद्धतीत आले, मग २००५ मध्ये त्यांनी काय केलं, तर ठोक रक्कम. दर केसला महिन्याला ठरावीक तास, तेवढेच पैसे, मग तुम्ही प्रत्यक्षात कितीही वेळ द्या. आणि तास कसे ठरवले? केस जुनी होत गेली की कमी, माणूस संस्थेत राहत असेल तर कमी, आणि माणूस गरीब असेल तर त्यातही कमी. मला हे समजायला वेळ लागला, मी दोनदा वाचलं. गरीब माणसाची कामं कमी असतात का हो? ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचे तर प्रत्येक अर्जासाठी दहा हेलपाटे असतात. हिशोब ठेवायला सोपं झालं हे मान्य, पण ठोक पैशात जो माणूस जास्त वेळा भेटायला जातो तोच तोट्यात. नंतर त्यांनी दर वाढवले, २०२३ पासून अख्खा कायदा पुन्हा नव्याने लिहिला, पाल्याच्या इच्छेला मध्यभागी आणलं. ३० वर्षं लागली आणि अजून दुरुस्त करतायत, पण निदान पैशांवर उघड भांडतायत तरी.

त्यांची एक गोष्ट मात्र लगेच उचलण्यासारखी आहे. आपण शुद्धीवर, धडधाकट असताना आधीच लिहून ठेवायचं की पुढे माझी बुद्धी चालेनाशी झाली तर माझे निर्णय कोण घेईल, आणि ते एका केंद्रीय नोंदवहीत नोंदवायचं, म्हणजे कोर्टाला शोधता येतं. ५० लाखांहून जास्त नोंदी आहेत तिथे. प्रत्येक अशी नोंद म्हणजे कदाचित एक न झालेली कोर्ट केस. जाहिरात, नोंदवही आणि थोडी फी, एवढ्यात. निम्मी अक्कल असलेलं सरकारसुद्धा हे करू शकतं. (दादासारख्याला याचा उपयोग नाही, तो जन्मापासूनच असा आहे, पण स्मृतिभ्रंश होणाऱ्या लाखो लोकांना आहे, आणि पुढची गर्दी तीच असणार आहे.)

जपानने उलटं केलं, बिल थेट पाल्याच्याच नावावर फाडलं. २००० च्या एप्रिलमध्ये दीर्घकालीन देखभालीचा विमा आणि नवीन प्रौढ पालकत्व एकाच दिवशी सुरू केलं. तेव्हा नेमले जाणारे दहातले नऊ पालक नातेवाईक होते. आता दहातले आठ बाहेरचे, म्हणजे वकील, कायद्याची कागदपत्रं करून देणारे, समाजसेवक. त्यांची फी कौटुंबिक न्यायालय ठरवतं आणि जाते पाल्याच्या मालमत्तेतून, आणि एकदा सुरू झालं की साधारण मरेपर्यंत. ज्या एका कामासाठी पालक नेमला, म्हणजे घर विकणं किंवा वारसाहक्काची वाटणी, ते सहा महिन्यांत संपतं, फी चालूच. मग लोक काय करणार, येतच नाहीत. ४० लाखांहून जास्त स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आणि ही पद्धत वापरणारे अडीच लाखांच्या आसपास. सरकारी तिजोरीच्या नजरेतून बघितलं तर झकास, खर्चच नाही. घराच्या नजरेतून बघा.

आणि एक खर्च असा आहे की तो कायदा लिहिणाऱ्यांच्या हातातच नसतो, दुसऱ्याच खात्याच्या फॉर्ममधून येतो. ऑस्ट्रेलियात अपंगांसाठी राष्ट्रीय विमा योजना आली, माणसाला स्वतः निवड करू द्यायची म्हणून आली, आणि परिणाम काय तर काही राज्यांत पालकत्वाचे अर्ज वाढले! कारण योजनेत शिरायचं तर कुणीतरी प्लॅन मान्य करायला हवा, करारावर सही हवी, आणि समोरच्याला ती सही "पक्की" हवी. मला याचं अजिबात नवल वाटलं नाही. मी दादाची पालक का झाले? तो काही पळून जात नव्हता, पैसे उधळत नव्हता. खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला की कोर्टाची ऑर्डर आणल्याशिवाय खातं चालू होणार नाही. त्या एका खिडकीसाठी मी दादाचे सगळे हक्क कोर्टात जाऊन काढून घेतले, वकिलाची फी, चौदा तारखा, आणि दादा प्रत्येक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या बाकावर. त्याला वाटत होतं त्याची बक्षीस मिळायची वेळ आलीये.

हा खर्च कुठल्या खात्यात टाकाल? टाका की. खिडकीवरच्या माणसाला ट्रेनिंग द्यायला लागणारे पैसे आणि चौदा तारखांचा खर्च शेजारी शेजारी लिहून बघा.

आधार देणारा माणूस मात्र फुकट मिळतो असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मला थोडं कडक बोलायचंय. नव्या कायद्यांत लिहिलेलं असतं की माणसाने आपला विश्वासू निवडावा, तो समजावून सांगेल, निर्णय माणूस स्वतः घेईल. टेक्सासने २०१५ मध्ये असा करार कायद्यात आणला, अमेरिकेत पहिल्यांदा, पुढे बऱ्याच राज्यांनी आणला. कोर्टात जायला लागत नाही, कागद सोपा, पैसे जवळपास शून्य. ज्याच्या आजूबाजूला चार भली माणसं आहेत त्याला हे अमृत आहे. ज्याला कुणीच नाही त्याने विश्वासू कुठून निवडायचा? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. स्वीडनने हे ओळखलं होतं, १९८९ मध्ये माणसाला "अक्षम" जाहीर करणं बंद केलं, आणि पुढे मोठ्या मानसिक आजाराच्या लोकांसाठी पगारी मदतनीस उभे केले, केंद्र सरकार नगरपालिकांना पैसे देतं, मदतनीस ऑफिसात बसून राहत नाही, माणूस असेल तिथे जातो, आणि माणूस सांगेल तेच करतो. न्यूयॉर्कमध्ये व्हेरा इन्स्टिट्यूट नावाच्या संस्थेने २००५ पासून पालकत्वाचा प्रकल्प चालवला, पगारी टीम, वकील, समाजसेवक, हिशोबनीस एकत्र, आणि त्यांचा अनुभव असा की माणसाला नर्सिंग होममधून काढून घरी नीट ठेवलं तर सरकारचेच उपचारावरचे पैसे वाचतात. म्हणजे टीमचा पगार एका खात्यातून जातो आणि बचत दुसऱ्या खात्यात होते. आणि दुसरं खातं कधी पहिल्याला थँक्यू म्हणत नाही, हीच सगळी गंमत आहे. न्याय खात्याचं बजेट फुगलं म्हणून ओरडा, आरोग्य खात्याचं कमी झालं ते मात्र आरोग्य खात्याची हुशारी.

तर माझी मागणी "पैसे द्या" एवढी भोळी नाहीये. विधेयकासोबत जो खर्चाचा कागद जोडता त्यात "अतिरिक्त भार पडणार नाही" असं लिहायचं असेल तर खाली हेही लिहा की मग भार कुणावर पडणार. जुन्या ऑर्डरी किती आहेत ते आधी मोजा, अमेरिकेसारख्या देशालासुद्धा नक्की आकडा सांगता येत नाही, १३ लाख माणसं आणि ५० अब्ज डॉलरची मालमत्ता हा अंदाजच फिरतोय. त्या ऑर्डरी तपासायच्या कामाचे पैसे वेगळे काढा, एकदाच लागणारे, आणि रोजच्या कोर्टाच्या पैशात मिसळू नका, नाहीतर ते तिथेच जिरतात. लागू करायची तारीख कायद्यातच लिहा आणि पैसे नाही आले तर ती आपोआप पुढे जाणार नाही अशी लिहा. ऑस्ट्रियात २०१८ मध्ये पैशाच्या कारणाने नवीन कायदा दोन वर्षं पुढे ढकलायचा घाट घातला होता, लोकांनी आवाज केला, पैसे सापडले, आणि कायदा ठरल्या तारखेला, १ जुलैला लागू झाला. पैसे असतात हो, फक्त कुणीतरी विचारायला लागतं. आणि नातेवाइकांचा वेळ शून्य धरू नका. मी पगारी रजा टाकून तारखांना गेलेय, ती रजा कुणाच्यातरी उत्पादनातून गेलीच ना.

हिशोब वाचायला दुसरा माणूस नेमाल का, हे मात्र मला साध्या हो किंवा नाहीत सांगा.

यंदाचा हिशोब या पत्रासोबत जोडतेय, यावेळी वर्ष बरोबर आहे, दोनदा बघितलंय. प्रत्येक पानाच्या खाली निळ्या पेनाने वाकडीतिकडी सही दिसेल ती दादाची आहे. कायद्याने तिची गरज नाही, कुणी मागितलीही नाही. मी एकेका पानावर काय आहे ते त्याला वाचून दाखवलं, त्याने दोन ठिकाणी विचारलं की हे पैसे कुठे गेले, एका ठिकाणी माझी बेरीज चुकली होती.

आपली,
एका मोठ्या भावाची धाकटी पालक